पऱ्यावर पाठवलेली पाच मुलं

शाळेला कुलूप होतं. मुलं उरली नाहीत म्हणून तीन वर्षांपूर्वी ती बंद झाली, हे मला खाली रस्त्यावर रिक्षावाल्यानं सांगितलंच होतं. तरी मी चढून गेले. जांभ्या दगडाच्या त्याच पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. व्हरांड्यात वाळलेला पाला साचला होता आणि कोपऱ्यात एका कुत्रीनं पिलं घातली होती. खिडकीचं एक दार निखळलं होतं. त्यातून मी आत डोकावले. खडू, जुनं लाकूड, वटवाघळं आणि कोंडलेली ओल, असा सगळा मिळून एक वास आला. त्यात मुलांचा वास तेवढा नव्हता.

चिपळूणहून रत्नागिरीला जाताना गाडी हातखंब्याला थांबते. गेल्या चाळीस वर्षांत मी त्या थांब्यावरून किती वेळा गेले असेन, त्याची गणती नाही. दर वेळी गाडी थांबली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. चष्मा, रुमाल, तिकीट. उतरणाऱ्यांच्या पलीकडे डोंगरात चढणारी ती वाट दिसू नये, म्हणून. या मे महिन्यात भाचीचं लग्न आटोपून रत्नागिरीहून एकटीच परतत होते. गाडी थांबली. मी पिशवी उघडली, पुन्हा बंद केली आणि उतरले.

पहिल्यांदा उतरले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. डी.एड. होऊन नेमणुकीचा कागद हातात पडला होता आणि वडील सोडायला आले होते. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं कपड्यात गुंडाळून दिलेला स्टोव्ह. तिथून तास-दीड तासाची चाल. अर्धी वाट सड्यावरून जायची. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, मैलभर पसरलेला. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापायचा. भाद्रपदात मात्र त्याच काळ्या दगडावर बोटभर उंचीची निळी-पिवळी फुलं अशी दाटून यायची की पाय कुठे ठेवावा कळत नसे. मुलं त्या फुलांतून शाळेत यायची आणि त्यांच्या अनवाणी पायांना परागांची पिवळी पूड लागलेली असायची.

शाळेत हेडगुरुजी, आणखी दोन गुरुजी आणि मी. पाचवी ते सातवीचं इंग्रजी माझ्याकडे आलं, कारण मी शहरातली. चिपळूण त्यांच्या लेखी शहर होतं. मी काही इंग्रजीत फार हुशार नव्हते. मराठी शाळेत शिकलेली, डिक्शनरी उशाशी घेऊन अभ्यास केलेली. कोणी समोरून इंग्रजीत काही विचारलं तर मी मराठीतच उत्तर द्यायचे. पण मुलांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, बाईंना सगळं येतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. दहा वर्षांची मुलं एकदम ती परकी अक्षरं बघायची आणि त्यांचे चेहरे बंद व्हायचे. मग सगळा वर्ग एका सुरात वाचायचा. कोकणी हेल काढून, शेवटचं अक्षर लांबवत. धी-स इज अ बू-क. दुरून ऐकलं तर आरती चाललीय असं वाटावं. त्या आवाजात कोणाला येतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, काही कळत नसे. हळूहळू मला ओळखू यायला लागलं. नुसते ओठ हलवणारी बहुतेक सगळी वरच्या वाडीतली होती. सडा ओलांडून येणारी, लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शाळा बुडवणारी, घरी अभ्यास घेणारं कोणी नसलेली. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर मी ठरवलं, शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी तासभर थांबायचं.

कोणी सांगितलं नव्हतं. हे मी माझ्या मनानं केलं होतं, आणि तेवढं खरं होतं.

सातवीतली पाच मुलं थांबायची, तीन मुलगे आणि दोन मुली. व्हरांड्यात गोणपाट टाकून बसायची. समोर उतरतं ऊन, खाली कोणाच्या तरी खळ्यात भात झोडल्याचा आवाज, आणि भाजल्या काजूबियांचा कडवट-गोड धूर. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलंच नाही.

"तुम्हाला इंग्रजी येतं की," मी म्हटलं.

सगळी एकमेकांकडे बघून हसली.

"मुंबईहून बाबा आले की काय काय बोलतात, आठवा बघू."

मग सुरू झालं. डूटी. शिफ्ट. लायन. बस, कंडक्टर, हापिस, टायम, लेट, फॅन, गेट. मी फळ्यावर लिहीत होते आणि फळा भरत होता. सुनंदा घवाळी म्हणून एक मुलगी होती, काळीसावळी, लांब वेणी, पुढचे दोन दात किंचित बाहेर. ती हात वर करून म्हणाली, "बाई, चावी. आणि पगार."

"ते इंग्रजी नाही गो."

"मंग काय?"

"ते पोर्तुगीज. फार पूर्वी जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्याला आलेलं."

ती विचारात पडली. "म्हंजे आम्ही पोर्तुगीज पन बोलतो?"

दुसऱ्या दिवशी तिची आई पाणी घेऊन जाता जाता शाळेपाशी थांबली आणि मला म्हणाली, "बाई, पोरगी सांगत्ये आम्ही सगळी परदेशी बोलतो म्हणून. खरं काय ते?" तिच्या डोक्यावर हंडा होता आणि ती इतकी हसत होती की पाणी सांडत होतं.

जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे आम्ही मोठ्या अक्षरांत शब्द लिहिले आणि भाताच्या शितांनी चिकटवले. दारावर डोअर, खिडकीवर विंडो, घंटेखाली बेल, पाण्याच्या पिंपावर वॉटर. पावसाळ्यात ओलीनं कागद सुटायला लागले, शितं झुरळांनी खाल्ली. मुलं पुन्हा चिकटवत राहिली. त्या कागदांना आणि मुलांना एकच वास यायचा. ओल्या गणवेशाचा, चुलीच्या धुराचा, खोबरेल तेलाचा. अजूनही कुठे ओला कपडा चुलीजवळ वाळत असला की मला इंग्रजी मुळाक्षरं आठवतात.

पुढच्या जूनमध्ये ती पाचही मुलं पुन्हा सातवीतच होती. पावसात, लावणी-कापणीत शाळा बुडालेली, गणितात आणि इंग्रजीत गेलेली. पण ती आली, हे विशेष. पुन्हा गोणपाट टाकून बसायला लागली. सुनंदा वाचताना शब्दाखालून बोट फिरवायची. मोठा शब्द आला की थांबायची, डोळे मिटायची, ओठ हलवायची. इतका वेळ लावायची की माझा धीर सुटायचा आणि मीच शब्द सांगून टाकायचे. ती डोळे उघडून म्हणायची, "आत्ता येतच होता बाई." मी म्हणायचे, "बरं बरं, पुढे."

तिला नर्स व्हायचं होतं. रत्नागिरीच्या दवाखान्यात आजी होती तेव्हा तिनं नर्स बघितली होती. "ती बाटलीवरचं इंग्रजी वाचत्ये आणि मंगच औषध देत्ये," असं तिनं मला सांगितलं होतं. औषधापेक्षा ते वाचणं तिला मोठं वाटलं होतं.

तपासणी जानेवारीत आली. आंब्यांना मोहोर होता आणि सगळ्या गावावर तो गोड, जरा घुसमटवणारा वास बसला होता. आठ दिवस आधी हेडगुरुजींनी मला बोलावलं. साधा, घाबरट माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"बाई, साहेब इंग्रजी वाचून घेतात," ते म्हणाले. "वर्गात शिरतात आणि कोणालाही उभं करतात. तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. शेरा चांगला पडला तर बरं. तुमचा चिपळूणच्या बदलीचा अर्जसुद्धा त्यांच्याच टेबलावरून जाणार."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"अडखळणारी मुलं समोर नसतील असं बघा. म्हणजे काय, कामाला लावा कुठंतरी. जेवणाची पानं आणायची आहेत, पाणी आणायचंय."

त्यांनी नावं सांगितली नाहीत. नावं मी काढली. खोलीवर जाऊन, वहीच्या पानावर, शाईच्या पेनानं. ज्यांच्यासाठी मी रोज तासभर थांबत होते, त्या पाचांची नावं एकाखाली एक लिहायला मला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

त्या सकाळी मुलींनी शाळा सारवली होती, दारात रांगोळी होती. स्वयंपाक शाळेच्या मागेच चालला होता आणि वड्यांच्या तेलाचा वास वर्गात येत होता. सुनंदा सगळ्यांच्या आधी आली. तिनं गणवेशाला इस्त्री केली होती. घरी इस्त्री नव्हतीच. तांब्यात निखारे घालून तो कपड्यावरून फिरवायचा, तशी केलेली. एका जागी गोल पिवळा डाग पडला होता आणि ती तिथे हात ठेवून उभी राहायची. वेणीत अबोलीचा वळेसर होता.

"बाई," ती माझ्यामागून चालत म्हणाली, "मला आख्खा धडा येतो. कोंबडीचा. एकदा ऐका ना."

मी तक्ते टांगत होते. हातात खिळे होते. "आत्ता नको गो. बघतेस ना किती कामं आहेत."

"पटकन वाचते."

"नंतर."

दहा वाजता साहेबांची जीप वळणावर दिसली, असा निरोप आला. मी पाच जणांना हाक मारली. "तुम्ही पऱ्यावर जा. केळीची पानं कापून आणा आणि पिण्याचं पाणी भरून आणा. सावकाश या, घाई नको."

पऱ्या म्हणजे शाळेखालचा ओढा. मुलगे लगेच निघाले, वर्गातून सुटका झाल्याच्या आनंदात. सुनंदा तिथेच उभी राहिली.

"मी पन?" तिनं विचारलं.

"तू पण."

तिनं पुस्तक दप्तरात ठेवलं नाही. छातीशी धरूनच ती गेली. आंब्याखालून जाताना तिनं एकदा वळून पाहिलं, मी बोलावीन म्हणून. जीपचा आवाज जवळ आला होता. मी वर्गात शिरले.

साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी दुकानदाराच्या मुलाला उभं केलं, मग पोस्टमास्तरांच्या मुलीला. दोघांनी घडाघडा वाचलं. दुकानदाराच्या मुलानं पुस्तकाचं भलतंच पान उघडलं होतं. मला ते माझ्या जागेवरून दिसत होतं. त्यानं पानाकडे न बघता धडा पाठ म्हटला. साहेब खिडकीतून मोहोराकडे बघत होते. "व्हेरी गुड," ते म्हणाले. शेरेबुकात त्यांनी इंग्रजीच्या तयारीबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या, आणि बाईंनी परिश्रम घेतलेले दिसतात, असंही लिहिलं. ती शाई वाळायच्या आत मी तीन वेळा वाचली.

जेवणं झाली. साहेबांसाठी विड्याचं तबक आणायला मी मागच्या बाजूला गेले. कुडापलीकडून आवाज आला म्हणून थांबले. पानं आणून झाली होती, पाणी भरून झालं होतं, आणि मोठ्या माणसांचं होईपर्यंत ती पाच मुलं लाकडांच्या राशीपाशी बसून राहिली होती. त्यांच्यातला एकजण तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला होता, पायावर पाय टाकून.

"मी सायब," तो म्हणाला. "हां, तू. उभी ऱ्हा. वाच."

सुनंदा उभी राहिली. मला कुडाच्या फटीतून तिचा हात तेवढा दिसत होता आणि पुस्तकाचा कोपरा. तिनं वाचायला सुरुवात केली. अगदी हळू. प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवत गेल्यासारखा. कोंबडीचं पिल्लू हरवतं, ती शेजाऱ्यांच्या परसात शोधते, विहिरीपाशी शोधते. हेल कोकणी होता, पण शब्द एकही चुकत नव्हता. धड्यात नेबर हा शब्द होता. त्यातली मधली दोन अक्षरं मुकी असतात आणि तिथे सगळा वर्ग अडखळायचा. ती थांबली. मला माहीत होतं, तिनं आता डोळे मिटले असणार. 

"नेबर," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

धडा संपला तेव्हा डब्यावरचा मुलगा म्हणाला, "वेरी गुड," आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज होऊ नये म्हणून बोटांच्या टोकांनी.

मला फक्त चार पावलं पुढे जायचं होतं. साहेब अजून व्हरांड्यात बसले होते. मी तिला हाताला धरून नेऊ शकले असते आणि म्हणू शकले असते, साहेब, हिचं एकदा ऐका. पण मग त्यांनी विचारलं असतं, ही वर्गात कुठे होती? तेवढ्यात हेडगुरुजींनी हाक मारली, "बाई, साहेब निघाले." मी तबक उचललं आणि पावलांचा आवाज न करता मागे वळले.

संध्याकाळी मी व्हरांड्यात थांबले. पाचही जण आले. सुनंदा सगळ्यांच्या मागे बसली.

"वाचतेस?" मी विचारलं.

"नाय येत," ती म्हणाली.

मी आग्रह केला असता तर तिनं वाचलं असतं. मी दुसऱ्याला सांगितलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिला येत नाही, तर मग मी वावगं काही केलंच नव्हतं. त्यानंतर तिनं कधीच मोठ्यानं वाचलं नाही. शिमग्यापर्यंत येत राहिली, मागे बसत राहिली. गावात पालखी नाचायला लागली, ढोलांचे आवाज दिवसरात्र डोंगरातून घुमायला लागले, आणि आमचं व्हरांड्यातलं बसणं मोडलं ते मोडलंच.

निकालात ती पास झाली. इंग्रजीत काठावर. तोंडी परीक्षेत ती काही बोलली नाही आणि मी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मे महिन्यात तिचे वडील गावी आले. मुंबईत गोदीत कामाला होते. धुतलेला शर्ट, हातात पुडा. हेडगुरुजी टेबलापाशी दाखले लिहीत होते आणि मी रजिस्टरं बांधत होते. त्यांना खुर्ची दिली, पण ते उंबऱ्याजवळच्या बाकाच्या टोकावर बसले. सुनंदा दाराशी उभी होती, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत.

"बाई, माझी बहीण रत्नागिरीत दिलेली हाय," ते म्हणाले. "तिच्याकडं हिला ठेवीन म्हणतो. आठवीला घालीन. नर्स होयाचं बोलते. पण तिकडं सगळा इंग्रजीचा दणका. झेपंल काय हिला? मला त्यातलं काय कळत नाय. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी हेडगुरुजींकडे पाहिलं. त्यांनी पेन थांबवलं होतं. "बाईंनाच ठाऊक," ते म्हणाले. "वर्षभर त्यांनीच जादा घेतलंय ना हिचं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तपासणीच्या दिवशी पऱ्यावर पाठवायला म्हणून मी त्यांना लिहून दिलेल्या नावांमध्ये हिचं नाव होतं, हे त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मला आठवत होतं.

"तशी कष्टाळू आहे," मी म्हटलं. "स्वभावानं चांगली आहे. पण इंग्रजी… जड जाईल तिला."

अंगठ्यानं जमीन उकरणं थांबलं.

"मग ऱ्हाऊदे," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आपली पोरगी वाचवल्यासारखी सुटका होती. "उगाच तिकडं जाऊन पोरीला तरास. बरं झालं तुम्ही खरं सांगितलंव."

जाताना त्यांनी तो पुडा माझ्यासमोर ठेवला. मुंबईहून आणलेली बर्फी होती. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. दोघं पायऱ्या उतरून गेली. पुढे वडील, मागे सुनंदा, तिची ती लांब वेणी. ती माझ्याकडे बघत नव्हती. बर्फी मी खोलीवर नेली. दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी खाल्ली.

त्याच वर्षी मी कायम झाले. पुढच्या जूनमध्ये चिपळूणला बदली मिळाली.

चिपळूणला मी चांगली शिकवायला लागले. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. इंग्रजीची भीती घालवणाऱ्या बाई म्हणून तालुक्यात माझं नाव झालं. शिक्षकांच्या शिबिरांत मला बोलायला बोलवत. तिथे मी फळाभर लिहिलेल्या त्या मुंबईच्या शब्दांची गोष्ट सांगायचे, शितांनी चिकटवलेल्या कागदांची सांगायचे, चावी आणि पगाराची सांगायचे. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, तरुण शिक्षिका वहीत उतरवून घ्यायच्या. त्या गोष्टीत वरच्या वाडीतली ती पाच मुलं असायची. तपासणीचा दिवस नसायचा. इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली की कधी कधी वाटायचं, तो दिवस नव्हताच.

बंद शाळेच्या पायऱ्या उतरून मी खाली आले तेव्हा रिक्षावाला झाडाखाली उभा होता. मी त्याला विचारलं, घवाळ्यांची सुनंदा कुठे दिली, माहीत आहे का?

"सुनंदाकाकी? ती हितंच खालच्या वाडीत दिलेली. चला, दावतो."

खळ्यात आमसुलं वाळत घातली होती. लालकाळ्या सालींचा अख्खा गालिचा, आणि त्याचा आंबट, जिभेला पाणी आणणारा वास. एक बाई उकिडवी बसून एकेक साल उलटत होती. केस बरेच पिकलेले, पुढचे दोन दात किंचित बाहेर. तिनं उन्हात डोळे बारीक करून पाहिलं.

"बाई?" ती उठली. "आमच्या बाई?"

ती पाया पडायला वाकली. मी मागे सरले, पण तिनं पाय धरलेच. मग ओटीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मुलगा रत्नागिरीत गाडी चालवतो, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, असं सांगत राहिली. आतून आठ-नऊ वर्षांची नात आली. इंग्रजी शाळेत जात होती, सुट्टीत आजीकडे आलेली. हातात पुस्तक होतं.

"ही बघ, ह्या माझ्या बाई," सुनंदा तिला म्हणाली. "इंग्रजी शिकवायच्या आम्हाला. शाळा सुटल्यावर थांबायच्या, आमच्यासाठी. कोन करतो असं? लई घासलंनी माझ्यामागं. पन माझं डोकंच दगडाचं, त्यात शिरलंच नाय काय." ती माझ्याकडे वळून हसली. "ही वाचते ना बाई, आणि माझा चुकून शब्द आला तोंडात, की हसते मला. मी बोलते, हस बाय, तुझ्या आजीला नायच येत."

नात लाजली आणि पुस्तक घेऊन खळ्याच्या टोकाला गेली.

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. चाळीस वर्षं न बोललेलं वाक्य तोंडात कसं बसतं, ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी ते सरळच निघालं.

"सुनंदा, तुला येत होतं."

"काय?"

"इंग्रजी. तपासणीच्या दिवशी तू लाकडांच्या राशीपाशी धडा वाचलास. कोंबडीचा. मी कुडामागे उभी होते. सगळा ऐकला मी. एक शब्दसुद्धा चुकला नव्हता."

 तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, नुसतं, आणि त्याच्यामागून ती निघून गेल्यासारखी झाली.

"तुम्ही ऐकलंव?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"मंग बाबांना बोललाव ते? माझ्यासमोर बोललाव. जड जाईल म्हणून."

"ते खोटं होतं."

खालून कुठून तरी करवतीचा आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. सुनंदानं पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

"मंग तवाच का नाय सांगितलंव, बाई?"

ती ओरडली नाही. कुठली वाट कुठे जाते हे विचारावं, तसं तिनं विचारलं.

"घाबरले," मी म्हटलं.

"कोनाला?"

"गुरुजी विचारतील म्हणून. हिला येत होतं तर त्या दिवशी पऱ्यावर का पाठवलंत, असं."

ती वाट बघत राहिली. यापुढे काहीतरी असणार, काहीतरी मोठं, मुलीचं शिक्षण थांबावं एवढं मोठं, असं तिला वाटलं असावं. तिनं मला पुरेसा वेळ दिला.

"येवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

ती खळ्यात जाऊन पुन्हा आमसुलांपाशी बसली आणि साली उलटायला लागली. माझ्याकडे तिची पाठ होती. मी चुकलं म्हणाले, क्षमा कर म्हणाले. तिला ऐकू गेलं असेल. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी चपला घातल्या आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"पाचची गाडी हाय चिपळूनला," ती वर न बघता म्हणाली. "ऊन हाय. डोक्यावरून पदर घ्या."

मग तिनं नातीला हाक मारली. "ये गो बाय हिकडं. बस माझ्यापाशी. पुस्तक आन." रिक्षा वळेपर्यंत मला दिसत होतं, ती पोरगी आजीच्या शेजारी बसली होती आणि दोघींमध्ये पुस्तक उघडं होतं. कोण वाचत होतं, ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही.